वन्संच्या सुया थांबेपर्यंत

आमच्या घरात एक लाकडी कपाट आहे आणि त्याचं दार बंद राहत नाही. लावून पाठ फिरवली की ते हळूच, आपल्याला कळणार नाही अशा बेताने, बोटभर उघडतं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. उभ्या शहराची दारं यांच्या हाताखालून सुरळीत होऊन जातात, घरच्या कपाटाला मात्र वाली नाही. "करतो की एकदा" हे ऐकता ऐकता माझे केस पिकले. शेवटी त्या दाराचं सोनं केलं आमच्या धाकटीने. तिने त्याच्यावर भुताचा सिनेमा काढला.

सिनेमा तसा छोटासा. भाजी शिजायला लागेल तेवढ्या वेळात संपणारा. विम्याच्या ऑफिसात नोकरी करून, सुट्ट्या साठवून, उसना कॅमेरा आणून तिने तो घेतला. गोष्ट एवढीच, की एक मुलगी नव्या खोलीत राहायला येते आणि तिथलं कपाट सारखं उघडतं. ती लावते, ते उघडतं. शेवटी आतून भूत बाहेर येतं.

मुलीचं काम केलं धाकटीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने. ती इतकी उंच आहे की आमच्या स्वयंपाकघरात शिरताना मान आपोआप खाली घालते, म्हणून सगळे तिला लंबू म्हणतात. आणि भुताचं काम केलं यांनी.

का, तर फुकट मिळाले म्हणून. भर दुपारी बेडरूमच्या खिडकीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, अंधार केला, यांना पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, तोंडाला पीठ फासलं आणि कपाटात बसवलं. आता यांचा चेहरा असा आहे, की रस्त्यात अनोळखी माणसं दहा जणांना सोडून यांनाच पत्ता विचारतात. त्यावर पीठ लावल्याने तो अधिकच गोड दिसायला लागला. पण उत्साह दांडगा. दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगून आले, "सिनेमात आहे मी. भूत आहे. पण मेन आहे."

आणि तो सिनेमा कापून जोडायचं काम आलं माझ्याकडे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे कामं तुंबली होती, तेव्हा "मी बघू का जरा?" म्हणून बसले ती बसलेच. शिकवलं कुणी नाही. बटणं दाबत गेले. मग एक दिवस, झालेली चूक परत पहिल्यासारखी करणारं बटण सापडलं आणि माझी भीडच चेपली. संसारात असं बटण नसतं, म्हणून त्याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण खरं सांगायचं तर लग्नाचा व्हिडिओ कुणी बघत नाही. लोक त्यात फक्त स्वतःला शोधतात. सापडले की खूश, नाही सापडले की फोन. मी कुठे काय जोडलं, कुठली नजर कुठल्या नजरेला नेऊन मिळवली, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. धाकटीचा सिनेमा मात्र वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचा होता. तिथे दर वर्षी छोट्या सिनेमांची एक संध्याकाळ असते. तिथली माणसं आमच्या नात्यातली नव्हती, ओळखीची नव्हती. त्यांना त्यात स्वतःचं तोंड शोधायचं नव्हतं. अशा माणसांसाठी काही करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मला ते काम किती हवं होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, "मग कर की." जसं काही मी नाही म्हणत होते.

मी केलं. जीव ओतून केलं. आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वन्संना खाली बोलावलं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. उभी हयात हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नाही. शेजारी सिलेंडर पेटला तेव्हा त्यांनी आधी विणायला घेतलेली ओळ संपवली आणि मग ओलं पोतं टाकून आग विझवली. सिनेमा बघताना त्यांच्या हातात विणकाम असतंच. डोळे पडद्यावर, हात आपले चालू. हाणामारी असो की मरण, सुयांची टिकटिक कधी अडखळत नाही.

"आत्याच्या सुया थांबल्या पाहिजेत," धाकटी मला आधीच म्हणाली होती. "एवढी एकच परीक्षा. सुया थांबल्या की सिनेमा झाला."

पडदे ओढले. टीव्हीवर सिनेमा लावला. हे इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत, लंबू दाराशी. वन्संनी लोकर मांडीवर घेतली. धाकटी टीव्हीकडे बघतच नव्हती, ती आत्याच्या हातांकडे बघत होती.

टिक टिक, टिक टिक.

सुरुवातीलाच पडद्यावर लंबू खोलीत आली. मग कपाट. मग कपाटातले हे, छान उजेडात, पीठ लावून.

"बारक्या गोड दिसतोय हो!" वन्सं म्हणाल्या. यांना त्या बारक्या म्हणतात. "आणि ही चादर नवी का गं?"

"जुनीच आहे. नीळ घातली होती."

"चांगली निघालीय."

टिक टिक. सिनेमा पुढे गेला. लंबूने दार लावलं, दार उघडलं, लंबूने लावलं, दार उघडलं, हे बाहेर आले, लंबू ओरडली, समाप्त. मागे मी लावलेलं संगीत वाजत राहिलं. ते मी फार निवडून लावलं होतं.

"छान आहे," वन्सं सुई बदलत म्हणाल्या. "पण भूत कधी येतं?"

हे खुर्चीत वळून म्हणाले, "ताई, मीच की भूत."

"हो का? मला वाटलं तू घरमालक."

लंबू तोंडावर हात दाबून हसली. हेही हसले, यांना काय, स्वतःवर हसायला आवडतंच. धाकटी मात्र उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाणी प्यायली. तहान नसताना माणूस जसं पितं तसं. मी मागोमाग गेले.

"बोल."

"आई, छान केलंयस तू…"

"पुढचं बोल."

तिने पेला खाली ठेवला. "तू बाबांना पहिल्याच मिनिटाला दाखवून टाकलंस."

"मग कळणार कसं लोकांना कोण आहे ते? शिवाय त्यांचं दुसरं काम नाहीये सिनेमात. आधी नको का ओळख करून द्यायला?"

"भुताची ओळख करून देतात का? आणि अंधार कुठे गेला? आपण एवढ्या गोधड्या लावल्या होत्या."

"काळंकुट्ट होतं सगळं. मी उजळवलं."

"आणि ती नुसती उभी असायची, बघत असायची, ते सगळं?"

"ते वेस्टेज होतं. काही घडतच नव्हतं त्यात."

धाकटीने डोळे मिटले. ही सवय तिला तिच्या बापाकडून आली आहे. राग आला की दोघंही डोळे मिटतात आणि उघडतात तेव्हा तो गेलेला असतो. "आई," ती म्हणाली, "भुताचं लग्न लावलंस गं तू."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पोर अगदी खरं बोलत होती. अंधार दिसला की माझा हात आपोआप उजेडाच्या बटणाकडे जातो, कारण नवरीचा चेहरा काळा आला तर पैसे मिळत नाहीत. कुणी ताटकळत उभं दिसलं की मी कापते. आणि घरचं माणूस असेल तर त्याचा चेहरा हसरा, समोरून, नीट दिसला पाहिजे, नाहीतर सातजन्मीचा रुसवा. हातच तसे झालेत.

"पुढच्या रविवारी आत्याला परत दाखवू," ती हळूच म्हणाली. "सुया थांबल्या तर तुझंच काम, तुझंच नाव. नाही थांबल्या तर मग… लंबूचा भाऊ आहे. तो हेच शिकलाय. त्याला देते. रागावू नकोस हं."

"मी कशाला रागावू?" मी म्हटलं आणि घासलेली कढई परत घासायला घेतली.

सोमवार-मंगळवार मी हरतऱ्हेचे उद्योग केले. उजेड कमी केला. संगीत काढलं, दुसरं घातलं, तेही काढलं. यांचा चेहरा पुढून मागे नेला. पण कुठेही नेला तरी तो आपला पत्ता सांगायला तयार असल्यासारखा. दरम्यान हे रोज संध्याकाळी डोकावून विचारायचे, "आमचा सीन कसा झालाय?" आणि मी म्हणायचे, "चाललंय."

बुधवारी हे कामावरून आले ते दारातच बूट काढता काढता म्हणाले, "आज एक बाई वरून खाली पडायची. वाचली."

"अगंबाई! कशी?"

"सांगतो."

आता यांचं सांगणं म्हणजे काय ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हे कुठलीही गोष्ट चहापासून सुरू करतात. कुणी गेलं तरी आधी सकाळी चहात साखर कमी होती ते येतं, मग बस का उशिरा आली ते येतं. माझा धंदाच कापण्याचा, आणि नवरा मिळाला हा असा. "मुद्द्यावर या" हे वाक्य मी यांना जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा यांचं नाव घेतलं नसेल.

यांनी हातपाय धुतले. टॉवेल जागेवर टाकला. मग जेवणाच्या टेबलाशी बसून सुरुवात केली. "तर सकाळी चहा घेतला. तो नेहमीचा नाही, दुसरीकडचा. नेहमीच्याचं दूध नासलं होतं."

मी पोळी लाटत होते. तोंडातून "मुद्द्यावर" एवढं बाहेर पडणार तेवढ्यात मीच थांबले. कारण ती बाई. ती कुठेतरी पडायच्या बेतात उभी होती आणि हा माणूस नासलेल्या दुधाचं सांगत होता.

"ती इमारत जुनी. टाइल्स हिरव्या. मला वाटतं त्यांनी मधल्या काळात एकदा बदलल्या असाव्यात, कारण खालच्या मजल्यावर वेगळ्या आहेत. तर मी लिफ्टच्या टपावर उभा. म्हणजे लिफ्टची पेटी खाली, मी तिच्यावर, आणि माझ्या डोक्याच्या वर वरच्या मजल्याचं दार. ते आपलं उघडं. कुलूप निसटलेलं त्याचं. आत लिफ्ट नाही, नुसती पोकळी. आणि मला वरून चपलांचा आवाज आला."

मी लाटणं खाली ठेवलं.

"चपला टाचांच्या. टक टक. बाई असणार. बरं, मी वर बघितलं तर दिसते कोण, बाईच. कानात ते गाण्याचं खुपसलेलं. पर्समध्ये मान घालून काहीतरी शोधतेय. किल्ल्या असतील. नाहीतर चष्मा. आमच्या ताईचा चष्मा असाच हरवतो पर्समध्ये, मागे एकदा…"

"अहो!"

"हां. तर ती चालत येतेय सरळ. दाराकडे. तिला वाटतंय लिफ्ट आहे. मी ओरडलो, तिला ऐकू कसलं येतंय. पोळी करपतेय."

पोळी खरंच करपत होती. मी गॅस बंद केला. "मग?"

"मग काय. हात वर केला, दाराची कड धरली आणि ओढलं आतून. सरकलं. बंद."

"आणि बाई?"

"ती जी किंचाळली! तिने काय बघितलं असेल, रिकाम्या लिफ्टच्या दारातून चार काळी बोटं आली आणि दार आपोआप बंद. जिन्याने जी पळाली ती पर्स टाकून. मी जीव वाचवला आणि बया मलाच भ्यायली." हे मनापासून हसले. "अगं, उघडं दार दिसलं की हात गप्प बसतच नाही माझा."

"हो ना! आपल्या कपाटाचं दिसतंय ना वर्षानुवर्षं."

"ते बाहेरून गं. बाहेरून काही वाटत नाही. आत असलं की वाटतं. त्या दिवशी शूटिंगला आत बसलो होतो ना, तेव्हा सारखं ओढून घेत होतो की मी."

"कधी?"

"आपली धाकटी फोनवर बोलत होती मध्येच, तिच्या साहेबाचा फोन आला होता. लंबू आपली कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मला कुणी बाहेर ये म्हटलंच नाही. मग बसलो. दार उघडलं की आपलं ओढायचं, उघडलं की ओढायचं."

"आणि कॅमेरा?"

"तो काय, चालू असेल नाहीतर बंद असेल. मी आत होतो ना."

मी पीठ लागलेल्या हाताने कॉम्प्युटरपाशी गेले.

वेस्टेज मी लगेच पुसून टाकत नाही. लग्नातल्या एखाद्या आत्याबाईचा फोन येतो, तेव्हा ती त्यातूनच उकरून काढावी लागते. मी शोधलं. होतं. धाकटी "हॅलो सर" म्हणत बाजूला गेली होती आणि कॅमेरा तिपाईवर चालूच होता. समोर लंबू पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालतेय, पाठ कपाटाकडे. मागे दार, बोटभर उघडं. काही घडत नाही. मी याच जागी कापलं होतं. आता कापलं नाही. बघत बसले.

लंबूने एक शर्ट घडी केला. दुसरा झटकला. आणि मग त्या फटीतून बोटं आली. अगदी सावकाश, यांचं सगळंच सावकाश असतं तसं. दाराच्या कडेवर टेकली, दार आत ओढलं गेलं, शेवटच्या क्षणी बोटं आत गेली आणि दार बंद झालं.

लंबूने तिसरा शर्ट घेतला. तिला पत्ताच नाही.

माझ्या मानेवर काटा आला. आत कोण आहे हे मला माहीत होतं, त्याला पोळी वाढायची राहिली होती हेही माहीत होतं, तरी आला. लिफ्टच्या त्या बाईसारखंच झालं होतं. पोकळी मला दिसत होती आणि तिला दिसत नव्हती, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग मी सगळं वेस्टेज पुन्हा बसून बघितलं, एकेक. त्यात आणखी एक सापडलं. लंबू घड्यांचा गठ्ठा घेऊन कपाट उघडायला जाते, दाराची मूठ ओढते आणि दार उघडत नाही, कारण हे आतून धरून म्हणताहेत, "थांब गं, पिठाने शिंक येतेय." मी आवाज काढून टाकला आणि बघितलं. जे दार कधी बंद राहत नाही, तेच आता उघडत नाही. लंबू ओढतेय आणि आतून कुणीतरी धरून ठेवलंय. तिच्या चेहऱ्यावर हसू यायच्या आधी मी कापलं. काळा पडदा. समाप्त.

यांचा चेहरा कुठेच लागत नव्हता.

गुरुवारी मी तो परत घालून बघितला. तोंड दिसलं की सगळं मुसळ केरात. शुक्रवारी अगदी ओझरता, अंधारात घातला. तरी लोक म्हणाले असते, अरे वा, हे घरमालक. जन्मभर पाळलेला नियम होता माझा, कुठल्याच घरचं माणूस मी कधी कापलं नव्हतं. रुसलेले काका नाहीत की आगंतुक पाहुणे नाहीत. आणि आता पहिला कापायचा तो स्वतःचा नवरा, जो कामावर सांगून आला होता की मी मेन आहे.

शनिवारी सकाळी हे शर्टाला इस्त्री करत होते. उद्यासाठी.

"अहो," मी म्हटलं, "एक सांगायचं होतं."

"सांग की."

"त्याचं काय झालं, मी सोमवारी बसले होते. चहा घेऊन. त्या दिवशी दूधही जरा पातळच होतं…"

"बरं."

"आणि संगीत काढलं मी. म्हणजे ते चांगलं होतं, पण काढलं. मग दुसरं घातलं. ते जरा लांबत होतं…"

यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. "मुद्द्यावर ये ना."

"तुमचा चेहरा कापलाय."

यांनी शर्टाची बाही सरळ केली. डोळे मिटले, उघडले.

"सगळाच?"

"सगळाच. बोटं ठेवलीयेत."

"कुठली?"

"उजव्या हाताची. चारही."

यांनी हात समोर धरून बघितला. मधल्या बोटाचं नख कधीचं काळंनिळं आहे, कुठल्याशा दारात सापडलेलं. "आणि चांगली आहेत?"

"इतकी चांगली, की मी एकटी बसून बघितली तर उठून दिवा लावला."

यांनी हात उलटा करून बघितला. मग म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. नखं तरी कापली असती."

आणि पुन्हा इस्त्री करायला लागले. कॉलरसुद्धा केली, नीट, दोन्ही बाजूंनी. चेहरा नव्हता सिनेमात तरी शर्ट तोच घालायचा होता. मला एकदम भरून आलं. मग काय करणार, मी यांना चहा करून दिला, चांगल्या दुधाचा.

रविवारी पडदे ओढले. लंबू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. धाकटीने अजून नवं काही बघितलं नव्हतं, मीच दाखवलं नव्हतं. ती आत्याच्या समोर स्टूल घेऊन बसली, पाठ टीव्हीकडे.

"परत तेच का?" वन्सं म्हणाल्या. "बघते हो. माझी बाही आज व्हायलाच हवी."

टिक टिक, टिक टिक.

अंधारी खोली. लंबू सामान घेऊन येते. कपाटाचं दार उघडतं, ती लावते. संगीत नाही. लांबून नळाचा आवाज तेवढा येतो. पुन्हा उघडतं. ती पुन्हा लावते, या वेळी जरा वैतागून. वन्सं म्हणाल्या, "आमच्या बारक्याला सांगा म्हणावं, करून देईल." टिक टिक.

मग ती घड्या घालायला बसली. पाठ कपाटाकडे. मी ते लांबवलं होतं, निर्दयपणे. एक शर्ट. दुसरा शर्ट. माझाच हात मांडीवर चुळबुळायला लागला, कापायला. मी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

बोटं आली.

टिक…

दार आत ओढलं गेलं. खोलीत नळाचा आवाज आणि बाकी काही नाही. मी वन्संकडे बघायचं धाडस केलं नाही, धाकटीचा चेहरा बघितला. ती आत्याच्या हातांकडे टक लावून बघत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत होतं.

लंबू गठ्ठा घेऊन उठली. चालत कपाटाकडे आली. मूठ धरली.

"अगं नको!" वन्सं मोठ्याने म्हणाल्या. टीव्हीला.

लंबूने ओढलं. दार उघडलं नाही. आणखी जोरात ओढलं. काळा पडदा.

कुणी हललं नाही. लोकरीचा गोळा वन्संच्या मांडीवरून खाली पडून पलंगाखाली गेला. तोही कुणी उचलला नाही.

मग हे अंधारात, फार वेळ धरून ठेवलेलं सुटावं तसं म्हणाले, "ताई, ती बोटं माझी."

"माहितीये रे," वन्सं म्हणाल्या. "ते काळं नख ओळखत नाही होय मी? पट्टी बांधली होती मीच." त्यांनी विणकाम डोळ्यांजवळ नेलं. "टाका सुटला माझा. चांगली ओळभर उसवावी लागणार. तुमच्यामुळे!" आणि मला म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"मी जोडलं. बाकी सगळं यांनीच केलं."

"रात्री मला वर सोडायला ये तू. आमच्या जिन्यातला दिवा गेलाय."

धाकटी उठली आणि न बोलता माझ्या गळ्यात पडली, आणि मग माझ्या खांद्यावरून म्हणाली, "लंबू, तुझ्या दादाला सांग, नको म्हणावं."

"सांगते," लंबू म्हणाली. "पण काकू, मी त्या दिवशी खरंच त्या कपाटाकडे पाठ करून बसले होते? इतका वेळ?"

शेवटी नावं येतात. काळ्यावर पांढरी, साधी. संकलन, आणि पुढे माझं नाव. ते वाचताना मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच काही वाटलं, कारण मी त्याच्या वरच्या ओळीची वाट बघत होते. कलाकारांत पहिलं नाव मी यांचं घातलं होतं. सवय ती सवय, घरचं माणूस पूर्ण नाही कापवत. यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"बघ," हे वन्संना म्हणाले, "मेन आहे."

पडदे सारले. ऊन आत आलं. बेडरूममधून कपाटाच्या दाराची कुरकुर ऐकू आली आणि आम्ही सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं, सगळ्यांनी, वन्संनीसुद्धा.

"बारक्या," त्या म्हणाल्या, "पण तू इतका वेळ आत करत काय होतास रे?"

यांचा चेहरा उजळला. हे खुर्ची पुढे ओढून बसले, इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या. "त्याचं काय झालं ताई, त्या दिवशी सकाळी मी चहा घेतला. तर साखर होती कमी…"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. लंबूने बघितलं. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी वन्संचा लोकरीचा गोळा शोधायला पलंगाखाली वाकले. "हं," मी तिथूनच म्हटलं, "मग?"